कमल चालते, कमला चालत नाही

प्रति,
उत्पादन प्रमुख आणि ग्राहक सेवा प्रमुख

विषय: तुमच्या कंपनीने आमच्या वाचनालयाला दिलेल्या सभासद पोर्टलवर देवनागरी युजरनेम नाकारले जाणे, आणि त्यावर तुमच्या माणसाने दिलेला सल्ला

स.न.वि.वि. मुद्दाम गाळलं आहे.

तुमच्या नोंदणीच्या पानावर कमल, अजय, मदन, भरत ही नावं बिनबोभाट जातात. कमला, विजय, मोहन, भारत जात नाहीत. 'आई' चालते, 'बाबा' चालत नाहीत. फॉर्म लिहिणाऱ्याला एवढ्यावरून कारण कळायला हवं होतं. तपासणीच्या रेजेक्समध्ये, म्हणजे कोणती अक्षरं चालतील ते ठरवणाऱ्या नमुन्यात, फक्त 'लेटर' हा वर्ग ठेवला आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, व्यंजनं आणि सुटे स्वर त्या वर्गात येतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे 'मार्क' वर्गात. तो वर्ग जोडायचा राहिला. एका ओळीची दुरुस्ती आहे.

आता तुमच्या ग्राहक सेवेला केलेला तो फोन. मी म्हटलं, कमल घेतं, कमला घेत नाही. उत्तर आलं, "सर, त्यात स्पेशल कॅरेक्टर आहे." कुठलं? बराच वेळ होल्डवरचं संगीत. मग, "शेवटचं, सर." शेवटचा काना आहे, मी म्हटलं. "हां, तेच साइन." काना हे स्पेशल कॅरेक्टर? "सिस्टिमला तसं दिसतं, सर." मग मी काय करू? "काना नसलेलं नाव घ्या ना, सर. नाहीतर इंग्लिशमध्ये टाका, सगळे तेच करतात." फोन ठेवतो न ठेवतो तोच एसएमएस आला: तक्रार निकाली, ग्राहकाचे समाधान झाले. कोणत्या ग्राहकाचं, तेही कळवा.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला दिलेला कागद तो वाचत होता. कागद तुमचा आहे. नाव नाकारताना तुमचं पान म्हणतं, "कृपया विशेष चिन्हे वापरू नयेत." यातला 'कृपया' तुमच्याच चाळणीतून जात नाही. माहितीपत्रकावर मात्र 'संपूर्ण मराठीत' असं ठळक छापलं आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एक्सेलमधून एकगठ्ठा भरलेल्या नावांना ही तपासणी लागतच नाही, तिथे थेट कात्री लागते. मर्यादा '२४ अक्षरे' लिहिली आहे, पण मोजता बाइट, म्हणजे साठवणीची जागा. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'राजेश्वरी'मध्ये ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. २४ वर कापलं की शेवटची वेलांटी जाते आणि बाईंचा 'राजेश्वर' होतो. मग खऱ्या राजेश्वरांना सांगता, नाव आधीच घेतलेलं आहे. शिवाय तीच मोडकी तपासणी लॉगिनच्या पानावरही लावली आहे, त्यामुळे या दोघांपैकी कोणीच आत येत नाही. नावाची तपासणी नोंदणीच्या वेळी करायची असते. लॉगिनला फक्त जुळतं का ते बघायचं.

"सुरक्षेसाठी असं केलंय" हे पत्राच्या उत्तरात येणार, म्हणून आधीच लिहितो. २०१३ मध्ये स्पॉटिफाय या संगीतसेवेवर सारख्या दिसणाऱ्या नावाने दुसऱ्याचं खातं बळकावता येत होतं, कारण नावाचं प्रमाणीकरण (वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं) एकदा केलं तर एक उत्तर आणि दोनदा केलं तर दुसरं येत होतं. ती अक्षरं रोमनच होती, फक्त वर चढवलेली. त्यावर उपाय नियमांचा असतो, आणि २०१७ चं आरएफसी ८२६५ हे इंटरनेट मानक नेमकं युजरनेम आणि पासवर्डसाठीच लिहिलेलं आहे.

देवनागरीपुरतं सांगतो. एका नावात एकच लिपी आणि अंक ठेवा. एनएफसी करा, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात आणा. दाखवायचं नाव आणि जुळवायची किल्ली हे दोन वेगळे रकाने ठेवा. कारण 'कऱ्हाडे' दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकात युनिकोड क्रमांक ०९३१ चा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, एनएफसी त्यांना एक करत नाही, आणि तुम्हाला ते दोन सभासद वाटतात. किल्लीत ऱ चा र करा, जोडणारी अदृश्य चिन्हं काढा, मराठी अंक इंग्रजी करा. पण दाखवायच्या नावातून झेडडब्ल्यूजे काढू नका, नाहीतर कऱ्हाड्यांच्या डोक्यावर रफार बसेल. किल्लीवर युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तीच किल्ली दोनदा नोंदली जाणार नाही, आणि लांबी बाइटमध्ये मोजणं थांबवा.

हे सगळं तिकिटात लिहून दिलं होतं. तिकीट बंद. पुन्हा लिहून दिलं, पुन्हा बंद. काना नसलेलं नाव घ्या म्हणे!

वार्षिक नूतनीकरणाचं बिल आलं आहे. ते आम्ही थांबवलं आहे, आणि 'संपूर्ण मराठीत' छापलेलं ते पत्रक ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीला जोडायला बाजूला काढलं आहे. दुरुस्तीची लेखी तारीख देणार नसाल तर सभासदांची पूर्ण यादी द्या: सीएसव्ही, यूटीएफ-८, बीओएमसकट (फाइलच्या सुरुवातीची ओळखखूण), म्हणजे एक्सेलमध्ये कचरा दिसणार नाही. आणि नावं कापण्याआधीची, मूळ. ती तुमच्याकडे उरली नसतील तर तेही लेखी कळवा.

संगणक विभाग,
वाचनालय