गाडी थंड असतानाच हात लावा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा आईचा फोन आला तेव्हा मागून बाबांचा आवाज येत होता, "तिला काही सांगू नकोस." तोवर आईचं सगळं सांगून झालं होतं. तर बाबा, मला कळलंय. जुनी मोटारसायकल घ्यायचं तुमच्या मनात आहे, एक पाहूनही ठेवली आहे, आणि विकणारा म्हणतो की इंजिन अजून खोललेलं नाही. आईचं म्हणणं, या वयात कशाला. फोनवर हा विषय काढला की तुम्ही हवापाण्याच्या गप्पा सुरू करता, म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच तोडता येत नाही.

गाडी घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण आधी एक कबुली देते. माझी पहिली जुनी गाडी आठवते ना? "थोडं किरकोळ काम निघालं" असं मी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं. ते किरकोळ नव्हतं. मी बघायला गेले तेव्हा त्या माणसाने गाडी दारात चालू करूनच ठेवली होती. "तुम्हाला ताटकळायला नको म्हणून गरम केली," म्हणाला. मला तर त्याचा भलेपणाच वाटला. एक चक्कर मारली, गाडी लोण्यासारखी चालली, पैसे दिले, घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी किका मारून मारून पाय भरून आला. शेवटी सुरू झाली ती निळ्या धुराचा लोट सोडत. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी लावून घेतली, तो आवाज अजून कानात आहे. मेकॅनिकने इंजिनाचं हेड आणि सिलिंडर उतरवला तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरं, कडक होऊन तडकलेले, पिस्टनवरच्या रिंगा झिजलेल्या. रात्रभर ऑइल खाली झिरपायचं आणि सकाळी पहिल्यांदा सुरू केली की जळायचं. इंजिन एकदा गरम झालं की या रोगाची बरीचशी लक्षणं झाकली जातात. त्या गृहस्थाला ते पक्कं ठाऊक होतं.

म्हणून फोन करून आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आणि सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. गेल्या गेल्या, नमस्कार-चमत्कार चालू असतानाच, इंजिनावरच्या आडव्या पात्यांजवळ हाताची मागची बाजू न्या. ऊब लागली तर हसतमुखाने सांगा की पुन्हा कधीतरी येतो. वाद घालू नका. थंड गाडी एका फटक्यात सुरू झाली, मिनिटभरात आवाज स्थिर झाला, तर पुढचं बघायला अर्थ आहे.

इथे आई लागणार आहे. आई, तू नको म्हणत असलीस तरी बाबांबरोबर जा. बाबा, राग मानू नका, पण टीव्हीचा आवाज तुम्ही कितीवर ठेवता ते मला माहीत आहे. वय वाढलं की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, आणि इंजिनाच्या काही तक्रारी त्याच पट्टीत असतात. आई मात्र शिलाई मशिनवर तळवा ठेवून "तेल मागतंय" असं सांगायची, आणि मागत असायचंच. तोच कान इथे लाव. वरच्या बाजूने हलकी, एकसारखी टकटक आली तर ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची. थोडी असली तर चालते, ॲडजस्ट होते. साखळी डब्याला घासल्यासारखी खरखर आली तर इंजिनाच्या आतली टायमिंग चेन सैल आहे. आणि खालून, पोटातून, ॲक्सिलेटर दिल्यावर ढकढक ऐकू आली तर बाबांच्या दंडाला धरून त्यांना घरी आण. ते क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, दुखणं असतं, त्यात इंजिन पूर्ण खोलावं लागतं.

धूरही तूच बघ. बाबा गाडीवर बसलेले असतील, त्यांना मागचं दिसणार नाही. तू सायलेन्सरच्या मागे, पण एका बाजूला उभी राहा. थंडीच्या सकाळी सुरुवातीला पांढरी वाफ आली आणि विरली तर ते नुसतं पाणी. ती विरलीच नाही आणि गाडी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची असली तर कूलंट आत शिरतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हा दोष बहुतेक वेळा दुरुस्त होतो. निळा दिसला तर ऑइल जळतंय. त्यातही फरक आहे: सुरू करताना किंवा ॲक्सिलेटर सोडून पुन्हा दिल्यावर फुस्सकन निळा येतो तो बहुधा व्हॉल्व्ह सीलचा, आणि ओढताना सतत येत राहिला तर रिंगांचा. माझ्या गाडीत दोन्ही होते.

आता बाबा, तुमचा विषय. तुम्ही टाकीचा रंग बघून गाडी पसंत करता, हे आईने मला लहानपणीच सांगितलंय. टाकी बघाच, पण आतून. झाकण उघडा, टॉर्चने आत बघा. काडी किंवा लायटर नको, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते. तळाला तांबूस थर दिसला तर तो गंज उद्या इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या कार्बोरेटरमध्ये किंवा इंजेक्टरमध्ये जाणार. बाहेरून नवा कोरा रंग दिसला तर खूश होऊ नका, तो कशासाठी मारला ते विचारा.

पडलेली गाडी ओळखायला रंगाकडे बघूच नका, टोकांकडे बघा. क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांची टोकं, हँडलच्या मुठीची टोकं, फूटरेस्टच्या कडा, सायलेन्सरची बाहेरची बाजू. गाडी पडते तेव्हा आधी हीच जमिनीला लागतात, आणि रंगवणारा नेमकी हीच विसरतो. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. ते जिथे अडतं तिथे चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, एक छोटा ठोकळा असतो. तो चेपलेला, तुटलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल तर गाडी बहुधा जोरात आदळली किंवा पडली आहे. त्याच्याच आजूबाजूला रंगाला सुरकुत्या, केसाएवढ्या भेगा दिसतात का तेही बघा. वाकलेल्या चेसिसची गाडी फुकट मिळाली तरी घ्यायची नाही, एवढं माझं ऐका.

पुढचं चाक जमिनीपासून उचललं जाईल अशी गाडी मेन स्टँडवर घ्या, आईला मागची बाजू खाली दाबून धरायला सांगा, आणि हँडल दोन बोटांनी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ते तेलात फिरल्यासारखं फिरलं पाहिजे. बरोबर मध्यावर, जिथे चाक सरळ होतं तिथे, खट्कन खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला आहे. मग गाडी खाली घ्या, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडल पुढे-मागे हलवा. हाताला टक् असा धक्का लागला तरी तीच शंका. तसंच ब्रेक दाबून पुढचे शॉक तीन-चारदा दाबा. त्यांच्या चकचकीत नळीवर ऑइलची ओली रेघ उमटली तर सील गळतोय. सील बदलणं मोठं काम नाही. पण तीच नळी खरवडलेली किंवा गंजलेली असेल तर नवा सीलही टिकत नाही.

मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे दातेरी चकतीवरची, चेन मागच्या टोकाला धरून बाहेर ओढा. दात अर्धा उघडा दिसला तर चेनसेट संपला. दात एका बाजूला कललेले, मांजराच्या नखांसारखे झाले असतील तर ओढायचीही गरज नाही.

मीटरवर फार विश्वास ठेवू नका, डिजिटल असला तरी. दहा वर्षांची गाडी आणि १२ हजार किलोमीटर म्हणजे महिन्याला शंभर. असं होऊ शकतं. पण मग ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत कसं झालं? गिअरच्या दांडीवरचं रबर फाटलं कशाने? टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४१९ म्हणजे २०१९ सालच्या १४व्या आठवड्यात बनलेला. मीटर आठ हजार दाखवतोय आणि टायर गाडीच्या सालानंतरचे आहेत, तर आधीचे टायर झिजले कुठे, एवढंच शांतपणे विचारायचं आणि गप्प बसायचं. उत्तरापेक्षा उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा.

तुमच्या ड्रॉवरमधला मल्टिमीटर न्या, तेवढीच त्याला हवा लागेल. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, आणि इंजिन सुरू करून थोडा ॲक्सिलेटर दिला की साधारण १३.५ ते १४.५. वाढलीच नाही तर चार्जिंगमध्ये दोष आहे, नवी बॅटरी टाकूनही तो जाणार नाही. गाडीला इंजिनाचा आणि एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा असेल, तर चावी फिरवल्यावर तो आधी लागला पाहिजे. इंजिनाचा दिवा काही सेकंदांत किंवा गाडी सुरू झाल्यावर विझतो, एबीएसचा गाडी थोडी पुढे गेल्यावर. जो दिवा मुळात लागतच नाही तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

चक्कर मारताना हेल्मेट घाला, आणि निघण्याआधी विमा चालू आहे ना ते विचारा. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलेटर एकदम वाढवा. इंजिन ओरडतंय पण गाडी पळत नाही, तर क्लच प्लेटा सरकतायत. बाकी ब्रेक, गिअर तुम्हाला मी काय सांगणार.

कागद आईने बघायचे. चेसिस नंबर कागदावरून एकेक अक्षर मोठ्याने वाच, बाबा गाडीवर बोट ठेवून ताडून बघतील. आजकालच्या बहुतेक गाड्यांचा तो १७ अक्षरी असतो, आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, कारण एक आणि शून्याशी घोळ होतो. कुठे ओ दिसला तर थांब. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा नकोत. इंजिन नंबरही तसाच. कागदावरचं नाव समोरच्या माणसाचंच असावं, कर्ज असलं तर फिटल्याचा पुरावा हवा, आणि दुसरी चावी मागून घे. भावाची गाडी आहे, मित्राची आहे, तो बाहेर गेलाय, असलं काही ऐकलं तर त्या भावाला नाहीतर मित्राला येऊ दे.

हे सगळं लिहिलं, पण जे खरं लिहायचं होतं ते अजून बाकी आहे. बाबा, तुमचा डावा गुडघा.

गाडी थांबवताना उजवा पाय ब्रेकवर असतो, सगळा भार डाव्यावर येतो. म्हणून वरचं काहीही बघायच्या आधी, रोजच्या चपला-बूट घालून नुसते गाडीवर बसा. दोन्ही तळवे पूर्ण टेकतात का? चवडेच टेकत असतील तर ती गाडी तुमच्यासाठी उंच आहे. मग साइड स्टँडवरून सरळ करा. मेन स्टँडवर तीनदा चढवा, उतरवा. थोड्याशा चढावर तोंड खाली करून लावा आणि बसल्या बसल्या मागे ढकलून बघा. साध्या १२५ सीसीच्या गाडीचं वजन १२० किलोच्या आसपास असतं, आणि तुम्ही ज्या जडशीळ गाड्यांकडे वळून वळून बघता त्या १८०-१९०च्या घरात. टाकी भरलेली असली की त्यातले आठ-दहा किलो पेट्रोलचेच, तेही वरच्या बाजूला. चालताना हे वजन कळत नाही. दारातून वळवताना कळतं.

हे मी आईसारखं "या वयात" म्हणत नाहीये. मागच्या खेपेला जिना उतरताना तुम्ही कठड्याला धरून क्षणभर थांबलात, आणि मी बघतेय हे दिसल्यावर चपलेचा अंगठा नीट करायला वाकलात. मी काही बोलले नाही. हलकी, बुटकी, सेल्फ स्टार्टची, शक्यतो एबीएसची गाडी बघा. तुम्ही पाहून ठेवलेली तशी असेल तर उत्तमच.

रविवारी जाणार आहात असं कळलं. पैसे देण्याआधी मला व्हिडिओ कॉल करा आणि फोन इंजिनाजवळ धरा. आईनेच धरावा. तुम्ही धरलात तर मला फक्त टाकीचा रंग दिसेल.

तुमची,
धाकटी

ता. क. टॉर्चचे सेल आधी तपासून घ्या. मागच्या वेळी दिवे गेले तेव्हा तो पेटला नव्हता.