चिपी ते मिरजोळे: मधल्या वाटेचंही बघा

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यातला. मुलगी रत्नागिरीला, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. त्यामुळे सिंधुदुर्ग ते रत्नागिरी हा रस्ता मला वळणावळणासकट पाठ आहे.

आमच्या चिपीच्या सड्यावर ९ ऑक्टोबर २०२१ ला विमानतळ सुरू झाला. तिकडे रत्नागिरीच्या विमानतळावर, मिरजोळ्याला, प्रवासी टर्मिनलचं काम हाती घेतलंय. दोन धावपट्ट्यांमधलं सरळ अंतर ११५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एटीआरसारख्या छोट्या प्रवासी विमानाला जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं. आम्ही मात्र जातो ते परुळं, कुडाळ, कणकवली, तळेरे, खारेपाटण, राजापूर, लांजा, पाली, हातखंबा असं. ते दीडशे किलोमीटरच्या वर भरतं. स्वतःची गाडी असली तरी साडेतीन-चार तास धरायचे. गाड्या बदलत निघालं की अख्खा दिवस गेला.

या दोन विमानतळांमध्ये विमान उडवा, असं मी मागत नाही. तासभर आधी पोचायचं, तपासणी, मग उतरून पुन्हा वाहन शोधायचं. एवढ्या वेळात रेल्वेने माणूस पोचतो. मी मागतोय ती जमिनीवरची जोडणी.

काही वर्षांपूर्वी, भर पावसात, आई आजारी म्हणून धाकटा भाऊ मुंबईहून विमानाने निघाला. ढग खाली आलेले, चिपीला उतरता येईना, विमान गोव्याला नेलं. मी चिपीच्या दारात छत्री धरून उभा, आणि तो पलीकडच्या राज्यात टॅक्सीचा भाव करतोय. दुपारी पोचायचा तो दिवेलागणीला घरी आला. आई तोवर दाराकडे बघत होती. शेजारचे आजोबा म्हणाले, "विमान इला खरा, पण माणूस घराक कसो येतलो?"

साहेब, उत्तर आपल्या खात्याच्या हातात आहे. चिपीपासून कुडाळ स्टेशन वीस-पंचवीस किलोमीटरवर. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण धावतेय. कुडाळहून रत्नागिरी अडीच-तीन तासांत गाठता येते, पावसाळी वेळापत्रकात थोडी उशिरा. मग विमानाच्या वेळेला बांधलेली एसटी चिपीहून कुडाळ स्टेशनला सोडा. विमानाला उशीर झाला तर गाडीने थांबावं, ही अट वेळापत्रकातच लिहा, नाहीतर तिचा उपयोग नाही. विमान गोव्यातल्या मोपा विमानतळाला वळलं, तर तीच गाडी तिकडे पाठवता यावी. मोपा चिपीपासून साठ-पासष्ट किलोमीटरच आहे. मिरजोळ्यालाही टर्मिनल उघडेल त्याच दिवशी रत्नागिरी स्टेशन आणि एसटी स्टँडची गाडी सुरू व्हावी, नंतर नव्हे.

१९८१ साली जिल्हे दोन झाले. आमची नातीगोती, पोरांची कॉलेजं अजून दोन्हीकडे विखुरलेली आहेत.

गणपतीला चाकरमानी यायच्या आत निदान चिपी-कुडाळ गाडी द्या. तारीख ठरली की कळवा. पहिल्या दिवशी मी परुळ्याच्या थांब्यावर उभा असेन.

आपला,
कुडाळ तालुक्यातला एक पालक