आकृती वगळली आहे

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: अंध विद्यार्थ्यांना भूगोलात आणि विज्ञानात मिळणाऱ्या सवलतीबद्दल

मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

महाराष्ट्राचा आकार मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळला. मी जन्मांध आहे आणि गेली एकोणीस वर्षं एका निवासी अंधशाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. म्हणजे नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मी महाराष्ट्र कसा दिसतो हे माहीत नसताना महाराष्ट्राचा भूगोल शिकवला. पश्चिमेला अरबी समुद्र, ७२० किलोमीटरचा किनारा, पूर्वेला छत्तीसगड, सगळं तोंडपाठ. मुलांनी विचारलं तर घडाघडा सांगायचो, मुलं घडाघडा लिहायची आणि मार्कही चांगले पडायचे.

मग एकदा शाळेत बाकं दुरुस्त करायला आलेल्या सुताराने, दुपारच्या चहानंतर, भिंतीवरच्या नकाशावरून प्लायवूडचा महाराष्ट्र कापून दिला. मी सिंधुदुर्गाच्या टोकापासून बोट वर नेत गेलो, पालघरला वळलो आणि पूर्वेकडे निघालो. बोट जातंय, जातंय, हात पुरेना, खुर्चीवरून उठावं लागलं, तेव्हा कुठे गोंदिया आलं. मुंबईची बातमी गडचिरोलीला उशिरा का पोचते यावर मी वर्गात कितीदा तरी बोललो होतो. ते अंतर माझ्या खांद्याला त्या दिवशी कळलं.

हे पत्र त्या प्लायवूडमुळे लिहितो आहे.

आमच्या मुलांचं भूगोलाचं ब्रेल पुस्तक आपण कधी कुणाकडून वाचून घेतलंत तर त्यात एक वाक्य पानोपानी सापडेल. छापील पुस्तकात लिहिलेलं असतं, 'आकृतीचे निरीक्षण करा व प्रश्नांची उत्तरे लिहा.' ब्रेलमध्ये त्याच्याखाली येतं, 'आकृती वगळली आहे.' आणि पुढची ओळ, 'वरील आकृतीवरून काय लक्षात येते?' काय लक्षात यायचं ते आमच्या मुलांच्या बरोबर लक्षात आलंय. मेसमध्ये रविवारी गोड नसलं की ताटावर बसल्या बसल्या एकजण ओरडतो, 'शिरा वगळला आहे!'

ब्रेल छापणाऱ्यांना मी दोष देत नाही. मजकूर संगणकातून सहा ठिपक्यांत उतरवता येतो, आकृती तशी उतरत नाही. छापील नकाशा आहे तसा उंचावून दिला तर बोटाखाली नुसता खरखरीत गोंधळ होतो. नद्या, डोंगर, जिल्ह्यांच्या सीमा, रेल्वे हे सगळं डोळा एका नजरेत वेगळं करतो, बोटाला ते जमत नाही. त्यामुळे एका नकाशाचे तीन करावे लागतात: एकात फक्त नद्या, एकात फक्त उंचसखल भाग, एकात फक्त सीमा. ब्रेलचं अक्षर लहान करता येत नाही, म्हणून 'छत्रपती संभाजीनगर' नकाशावर मावतच नाही. तिथे दोन अक्षरांची खूण द्यायची आणि शेजारी सूची. हे बसून करायचं काम आहे. भूगोल जाणणारा एक माणूस आणि बोटांनी तपासणारा एक माणूस लागतो. पण एकदा मूळ साचा तयार झाला की थर्मोफॉर्मच्या, म्हणजे प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर बसवणाऱ्या यंत्रावर त्याच्या हव्या तितक्या प्रती निघतात. कोलकात्याच्या नॅटमो या केंद्र सरकारच्या संस्थेने २०१७ मध्ये अंधांसाठी इंग्रजी ब्रेलमध्ये भारताचा नकाशासंग्रह काढला. दिल्लीच्या आयआयटीत स्पर्शाने वाचायच्या आकृत्यांवर कितीतरी वर्षं काम चालू आहे. तेव्हा तंत्र नाही, असं कुणी आपल्या टेबलावर लिहून आणलं तर कृपया सही करू नका.

आता परीक्षेबद्दल. दहावीच्या भूगोलात नकाशाच्या प्रश्नाऐवजी दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पर्यायी प्रश्न असतो. हेतू चांगलाच आहे. मीही तोच सोडवला होता. माझा लेखनिक नववीतला एक मुलगा होता. नकाशाचं पान आलं तसं त्याने ते उलटलं आणि म्हणाला, 'हे तुम्हाला नाही.' पूर्ण मार्क मिळाले. पण जे परीक्षेत नाही ते वर्गात शिकवलं जात नाही, जे शिकवलं जात नाही त्याचं साहित्य कुणी मागत नाही आणि जे कुणी मागत नाही ते छापलं जात नाही. शेवटी 'अंध मुलांना नकाशा कळत नाही' हा निष्कर्ष आपोआप सिद्ध होतो. दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. दोन्ही देशांचा आकार कधी हाताला लागलेला नसताना मुलं तुलना कशाची करतात, हे मला आजही उमगलेलं नाही. ती दोन याद्यांची तुलना करतात, एवढंच.

विज्ञानात ही सवलत आणखी महागात पडते. दिव्यांग विद्यार्थ्यांना विज्ञानाऐवजी 'शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र' आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित घेण्याची सोय चालत आली आहे. ज्या मुलाला ती खरोखर हवी आहे त्याची ती काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. फॉर्म भरायच्या दिवशी कारकून विचारतो, 'सवलतीचे विषय ना?' आणि चौदा-पंधरा वर्षांचं मूल 'हो' म्हणतं, कारण वर्गात सगळेच 'हो' म्हणत असतात. माझी एक विद्यार्थिनी अशीच 'हो' म्हणाली. अकरावीला विज्ञानाला जायचं म्हणून ती एका कनिष्ठ महाविद्यालयात गेली. खिडकीवरच्या बाईंनी गुणपत्रिका पाहिली आणि विचारलं, 'दहावीला विज्ञान कुठंय?' ती आज शिक्षिका आहे, मराठी शिकवते आणि उत्तम शिकवते. तिला काय व्हायचं होतं हे आता ती सांगत नाही.

आंध्रातल्या श्रीकांत बोल्लाला अकरावी विज्ञानासाठी कोर्टात जावं लागलं होतं. पुढे तो अमेरिकेत एमआयटीत शिकला आणि परत येऊन त्याने कारखाना काढला. कोर्टात जाण्याची हिंमत असलेला एखादाच निघतो आणि मग पेपरात त्याच्यावर लेख येतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निकाल दिला की, केवळ दृष्टी नाही म्हणून कुणाला न्यायाधीश होण्यापासून अडवता येणार नाही. आंधळा माणूस खटला चालवू शकतो. परीक्षानळी मात्र धरू शकत नाही!

धरू शकतो. आमच्याकडे धरतात. आमचे विज्ञानाचे सर डोळस आहेत, कंत्राटी आहेत, पगार दोन-दोन महिने उशिरा होतो, तो विषय वेगळा. आम्ल की अल्कली हे सांगणारा लिटमसचा रंग मुलांना दिसत नाही म्हणून त्यांनी कांदा आणला. कांदा बारीक चिरून प्लास्टिकच्या पिशवीत सुती कापडाच्या पट्ट्यांबरोबर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी एका पट्टीवर विरल आम्लाचे थेंब, दुसरीवर विरल सोडियम हायड्रॉक्साइडचे. पाण्यात खळबळून मुलांच्या नाकाशी धरल्या. आम्लातल्या पट्टीला कांद्याचा वास तसाच होता, अल्कलीतल्या पट्टीचा गेला होता. लवंगेच्या तेलाचं आणि व्हॅनिला इसेन्सचंही तसंच होतं, अल्कलीत वास हरवतो. वास हा आम्ल-अल्कली ओळखायचा दर्शक असू शकतो हे दहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातही आहे, आमच्या सरांनी काही चमत्कार केला नाही. एका मुलाला त्या दिवशी सर्दी होती, त्याला दोन्ही पट्ट्या सारख्याच. 'म्हणजे आज मी आंधळा,' तो म्हणाला आणि अख्खी प्रयोगशाळा हसली. प्रयोगशाळा म्हणजे जुनी कोठीची खोली, हेही सांगून ठेवतो.

भूगोलाचा धडा आम्ही अंगणात घेतला. गणपतीनंतर उरलेली शाडू माती होती. चार फुटी फळीवर महाराष्ट्र उभा करायचा ठरला. आधी मी मुलांना गणित घातलं: पूर्व-पश्चिम साधारण ८०० किलोमीटर चार फुटांत बसवले, तर १,६४६ मीटरचं कळसूबाई किती उंच करायचं? उत्तर आलं जेमतेम अडीच मिलिमीटर. ब्रेलचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर म्हणजे पाच ठिपक्यांची चळत! पोरं खट्टू झाली. मग उंची मुद्दाम वाढवून दाखवायची म्हणजे काय, नकाशा खोटं कुठे आणि का बोलतो, यावर अर्धा तास बोलणं झालं. डोळस मुलांच्या वर्गात हा तास कुणी घेतो का, मला शंका आहे.

सह्याद्री थापला. समुद्राच्या बाजूने कडा सरळसोट, कोकण दोन बोटांची पट्टी, मागे पूर्वेकडे हळूहळू उतरत जाणारं पठार. त्र्यंबकेश्वराच्या जागी चिंचोका रोवला आणि एका सातवीतल्या मुलीच्या हातात तांब्या दिला. तिने चिंचोक्यावर धार सोडली आणि दुसऱ्या हाताची बोटं पाण्याबरोबर नेली. पाणी पूर्वेला निघालं. ती थांबली. परत चिंचोक्यावर आली, पश्चिमेकडे बोट नेलं, कडा लागला, समुद्र लागला. 'सर, समुद्र इथे एवढा जवळ आहे,' ती म्हणाली, 'आणि गोदावरी तिकडे का जाते?' त्र्यंबकपासून अरबी समुद्र ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे आणि गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते, हे मी इतकी वर्षं सांगत होतो. हा प्रश्न मला आधी कुणीच विचारला नव्हता, कारण 'उगम: त्र्यंबकेश्वर, लांबी: १,४६५ किमी' यात विचारण्यासारखं काहीच नसतं. उताराला बोट लागलं तेव्हाच तो प्रश्न पडला.

गीरत व्हर्मे नावाचा एक शास्त्रज्ञ आहे, मूळचा नेदरलँड्सचा. लहानपणीच दृष्टी गेली. आयुष्यभर त्याने शंखशिंपले बोटांनी तपासले आणि कॅलिफोर्नियात उत्क्रांतीचा अभ्यास करणारा नावाजलेला प्राध्यापक झाला. आपल्याला एवढा लांब किनारा आहे. शंखशिंपले फुकट आहेत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, आपल्याकडे विधी विभाग आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं १७ वं कलम अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि सहायक साधनं मोफत द्यायला सांगतं. तिथेच परीक्षेतल्या सोयींची उदाहरणं आहेत: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. विज्ञानातून सूट किंवा नकाशातून सूट असा उल्लेख त्यात नाही. आकृती हे शैक्षणिक साहित्य आहे की नाही, एवढंच आपल्याकडून ठरवून हवं आहे.

अडचण कुठे आहे तेही मला ठाऊक आहे. आमच्या विशेष शाळा डिसेंबर २०२२ पासून वेगळ्या झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे, आणि पुस्तक, अभ्यासक्रम, परीक्षा आपल्या विभागाकडे. नकाशे मागितले की एक विभाग म्हणतो पुस्तकाचा विषय त्यांचा, दुसरा म्हणतो शाळा त्यांच्या. माझ्याकडे अशा उत्तरांची एक फाईल आहे. ती ब्रेलमध्ये नाही, सगळी छापील आहे. दर वेळी कुणीतरी वाचून दाखवतं.

म्हणून मागणं आपल्याकडेच करतो. भूगोलाच्या प्रत्येक ब्रेल पुस्तकासोबत त्या इयत्तेचे मराठी खुणांचे उठावाचे नकाशे द्या, सुरुवात दहावीच्या भारत आणि ब्राझीलपासून करा. तज्ज्ञांच्या समितीत निदान दोघे बोटांनी वाचणारे घ्या, नाहीतर दिसायला सुंदर आणि हाताला निरुपयोगी नकाशे तयार होतील. असे नकाशे मी हाताळले आहेत, गुळगुळीत होते अगदी. परीक्षेत पर्यायी प्रश्न ठेवा, पण ज्याला नकाशा हवा त्याला स्पर्शनकाशा मिळू द्या. विज्ञानाच्या सवलतीच्या विषयासाठी पालकांची आणि मुलाची वेगळी लेखी संमती घ्या, आणि त्याच कागदावर ठळक छापा की यामुळे अकरावी विज्ञानाचा रस्ता अडू शकतो. प्रात्यक्षिकाला मदतनीस चालेल, त्याने विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून हात चालवायचा, आणि गुण सांगणाऱ्याला मिळायचे. पुस्तकाच्या पीडीएफचे फॉन्टही एकदा युनिकोडमध्ये करून घ्या. मोबाईलमधला, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक सध्या त्या पानांवर बोबडा होतो.

तांब्या घेऊन प्रश्न विचारणारी ती मुलगी आता दहावीत आहे. दिवाळीच्या सुमारास तिचा फॉर्म भरायचा आहे. तिला अकरावीला विज्ञान घ्यायचंय, वडिलांची परवानगी तिनेच मिळवली आहे. कारकुनाने विचारलं तर काय सांगायचं हेही आम्ही घोकून ठेवलंय. विषयाच्या रकान्यात आम्ही विज्ञानच लिहू. पुस्तकातल्या आकृत्यांचं काय करायचं, तेवढं मात्र फॉर्म भरायच्या आधी कळवावं, ही विनंती.

आपला,
एका निवासी अंधशाळेतला भूगोलाचा शिक्षक