उंदराला विचारायचं कसं?

पुणे,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिन्या,

फोनवर तू म्हणालास ते चार दिवस डोक्यातून जात नाहीये. "आई घास चावताना रडते, आणि तू तिकडं उंदरांच्या तोंडाला दोरे बांधतोस. त्यातून तिला काय मिळणार?" तेव्हा शेजारी सर उभे होते म्हणून मी हसण्यावारी नेलं. आता सावकाश लिहितो. वैतागलास तरी शेवटपर्यंत वाच.

काकूंच्या दोन धडधाकट दाढा उपटून झाल्यावर ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचं दुखणं, हे नाव पुढं आलं, याचा राग मलाही आहे. हे दुखणं दाढेचं सोंग इतकं बेमालूम घेतं की जगभर लोक असेच दात गमावून बसतात. दिवाळीत तुमच्याकडं आलो होतो तेव्हा त्या पंख्याखाली बसत नव्हत्या. डोक्यावरून पदर घेताना तो डाव्या गालापासून वीतभर लांब धरत होत्या. चूळ भरायच्या आधी दोन्ही हातांनी बेसिन घट्ट पकडलेलं मी पाहिलं. करंट बसल्यासारखं होतं म्हणतात ना, ते हेच.

आता माझे उंदीर. डोळ्याच्या खाली हाडाला एक छोटं भोक असतं. तिथून बाहेर येणारी त्याच ट्रायजेमिनल नसेची फांदी गालाला, वरच्या ओठाला आणि उंदराच्या मिशांना संवेदना पुरवते. १९९४ साली वोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या या नसेभोवती दोऱ्याच्या दोन सैल गाठी मारल्या. नस तुटत नाही, पण सुजते आणि आवळली जाते. मांडीच्या नसेवर हेच तंत्र बेनेट आणि शी यांनी १९८८ मध्ये वापरलं होतं, ते चेहऱ्यावर आणलं. गंमत अशी, की सुरुवातीचे दिवस ती बाजू बधिर असल्यासारखी वाटते. दोनेक आठवड्यांनी चित्र पालटतं. मग तिथं साधा नायलॉनचा केस टेकवला तरी उंदीर डोकं झटकतो, मागं पळतो, कधी त्या केसावरच चाल करून जातो. मधल्या काळात त्याच बाजूचं तोंड पंजांनी पुन्हापुन्हा पुसत बसतो.

इथंच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, आणि ते माझ्या बाजूचं नाही. उंदीर गाल चोळतो, काकू गालाला बोटही लागू देत नाहीत. उंदराची नस आम्ही जखमी केलेली असते. काकूंच्या बाबतीत बहुतेक मेंदूजवळची एक रक्तवाहिनी नसेच्या मुळावर ठोके देत असणार, म्हणून तर डॉक्टर एमआरआय करा म्हणाले. म्हणजे माझ्या उंदराला काकूंचा आजार नाहीच. नस दुखावल्यावर चेहऱ्यात काय बिघडतं, एवढंच तो दाखवू शकतो. काकूंची कार्बामाझेपिनची गोळीसुद्धा असल्या उंदरांतून आलेली नाही. मुळात ती फिटवरची गोळी, स्वीडनमधल्या ब्लोम नावाच्या डॉक्टरनं १९६२ मध्ये चेहऱ्याच्या या दुखण्यावर ती चालते हे छापलं. आमच्या दोऱ्याच्या गाठी त्यानंतर बत्तीस वर्षांनी!

मग मी इथं काय करतोय? सांगतो.

उंदीर बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वर्षानुवर्षं त्याला प्रश्नही एकच विचारला गेला: टोचल्यावर दचकतोस का? केस टेकवायचा, मोजायचं. जर्मनीतल्या फॉन फ्राय नावाच्या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात घोड्याचे केस वापरून हे सुरू केलं, आम्ही नायलॉनवर आलो इतकंच. आता सांग, काकूंचं दुखणं दचकण्यात आहे की जेवण सुटण्यात? त्या लग्नाला जात नाहीत, फोनवर दोन वाक्यांत बोलणं आटोपतात, ते कुठल्या केसानं मोजायचं?

म्हणून मला ती फ्लोरिडातली दुधाची पेटी आवडते. नॉयबर्ट आणि मंडळींनी २००५ च्या सुमाराला केलेली. पेटीला एक खिडकी, खिडकीपलीकडं पातळ केलेल्या कंडेन्स्ड मिल्कची बाटली. दूध हवं तर उंदरानं भादरलेले गाल खिडकीच्या धातूच्या नळीला टेकवायचे, आणि त्या नळीतून गरम पाणी खेळवलेलं असतं. चटका सोसून प्यायचं की उपाशी परतायचं, हे तो ठरवतो. जीभ बाटलीच्या तोटीला लागली की सर्किट पुरं होऊन यंत्रात आकडा पडतो. गालाला सूज आणली की चाटणं कमी होतं, मॉर्फीन दिलं की पुन्हा वाढतं. दचकण्यापेक्षा हा प्रश्न मला माणसाच्या जवळचा वाटतो. जबड्याच्या सांध्यासाठी तर याहून साधी युक्ती आहे. सांध्यात सूज असलेला उंदीर एकेका जेवणाला जास्त वेळ लावतो, तो वेळच मोजायचा. हात लावायला नको, टोचायला नको. (त्यातही खोट आहेच. उंदीर जबडा मुख्यतः मागंपुढं सरकवून कुरतडतो. सांध्याच्या रचनेत डुक्कर आपल्याला जास्त जवळचं, पण डुक्कर सांभाळायचं कुणी?)

आमच्याकडं तशीच पेटी जुळवली आहे. चौदा नंबरच्या पठ्ठ्यानं तिसऱ्याच दिवशी मान वाकडी करून, गाल न टेकवता, नुसत्या जिभेच्या टोकानं दूध प्यायला सुरुवात केली. आकडे झकास! आम्हाला वाटलं औषध लागू पडलं. व्हिडिओ पाहिला तेव्हा कळलं. खिडकी अर्धा सेंटिमीटर अरुंद करावी लागली.

दुसरी फजिती माझी स्वतःची. माझ्या हातचे उंदीर नेहमी कमी दुखल्यासारखे वागायचे, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीच्या हातचे जास्त. मी मनातल्या मनात माझा हात हलका म्हणून खूश. मग मॉन्ट्रियलचं २०१४ चं काम वाचलं: पुरुषाच्या नुसत्या वासानं, त्यानं घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी, उंदीर इतके ताणात येतात की दुखणं दबतं. हात हलका कसला, घामाचा वास! आता कुणी चाचणी घेतली ते वहीत लिहितो. त्याहून मोठी चूक सगळ्यांचीच. जबड्याच्या सांध्याचं दुखणं बायकांत जास्त, आणि प्रयोग वर्षानुवर्षं बहुतेक नर उंदरांवर. आमच्या प्रस्तावात निम्म्या माद्या आहेत, आणि त्यासाठी मी भांडलोय.

यातून औषध निघतं का? एकदा सपशेल आपटलं. वेदनेचा निरोप पोचवणारा सबस्टन्स पी नावाचा रेणू अडवणारी औषधं प्राण्यांत छान चालली, माणसांत वेदनाशामक म्हणून टिकली नाहीत. त्यातलं एक शेवटी केमोथेरपीच्या उलट्यांवर कामी आलं. एकदा मात्र जमलं. १९८८ मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन यांनी मांजरात आणि माणसात हीच ट्रायजेमिनल यंत्रणा चेतवली आणि नसांतून सुटणारा सीजीआरपी नावाचा रेणू रक्तात उतरतो हे दाखवलं. ती वाट तीस वर्षांनी, २०१८ मध्ये, मायग्रेनच्या इंजेक्शनपर्यंत पोहोचली. काकूंसाठी नव्हे, पण नस तीच. (तुमच्या मनीला हे वाचून दाखवू नकोस.)

उंदरांचं काय, हेही तू विचारलंस. भूल देऊनच करतो. समितीची मंजुरी लागते, किती उंदीर आणि तितकेच का ते लिहून द्यावं लागतं. तरी संध्याकाळी पिंजरे झाकताना डोळे अर्धे मिटून, कान मागं टाकून कोपऱ्यात बसलेला एखादा दिसतोच. त्या रात्री जेवण गोड लागत नाही. तुला पटवायला हे लिहीत नाही. मलाही रोज पटतं असं नाही.

आता कामाचं. गोळी मनानं बंद करू नकोस, कमीही करू नकोस. काकूंना भोवंडल्यासारखं होतंय म्हणालास, तर रक्तातलं सोडियम तपासायचं का ते डॉक्टरांना उद्याच विचार. अंगावर पुरळ दिसली तर त्याच दिवशी दाखव. आणि दहापैकी किती दुखतं हे त्यांना विचारायचं सोड, त्या कायम "बरं आहे" म्हणतात. दूधभाकरीचा वाडगा संपायला किती मिनिटं लागली, आणि किती उरलं, एवढं कॅलेंडरवर रोज लिही. पुढच्या महिन्यात मी येतो, तेव्हा ते पान फाडून डॉक्टरांकडं घेऊन जाऊ.

काकूंना नमस्कार. वाडगा त्यांचा नेहमीचाच ठेव, बदलू नकोस.

तुझा,
अव्या