परळातलं पाणी आणि दारातला कुत्रा

संपादक महोदय,

नागपुरात पारा चाळिशीकडे सरकू लागला की अंगणात पाखरांसाठी पाणी ठेवलं जातं, पण भांडं बहुतेकदा चुकीचं असतं. स्टीलचा डबा दुपारी चटका देतो, खोल बादलीत खारीचं पिल्लू बुडतं. मातीचं पसरट परळ घ्यावं, पाणी दोन इंचांपेक्षा जास्त नको, मधोमध खडबडीत दगड. बुलबुल, दयाळ त्यावर उतरून चोच बुडवतात, मधमाश्याही कडेने पितात. पाणी रोज बदलावं, परळ काथ्याने घासावं. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. कूलरच्या टाकीचंही तेच, आणि ते आपण दरवर्षी विसरतो. परळ झुडपापासून पाचसहा फूट लांब असावं, कारण मांजर तिथेच दबा धरते.

कुत्र्याला सकाळी सातच्या आत फिरवावं. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजे भाजणारच. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या तर सावलीत घेऊन पोट आणि पंजे साध्या पाण्याने भिजवावेत, पंखा लावावा, लगेच डॉक्टरांकडे न्यावं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, उष्णता आतच कोंडते. गोचीड कानामागे, बोटांच्या बेचक्यांत असते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल नको.

कुंड्यांवर सुक्या पाल्याचा दोन इंच थर ओल धरतो. पाल्याचा ढीग मात्र भिंतीशी नको. गारव्याला तिथे साप येतो आणि कुत्रा नेमकं तिथेच नाक खुपसतो. कुत्रा बांधावा, सर्पमित्राला बोलवावं.

— एक वाचक, नागपूर