आई, त्याची मान घासू नकोस

आई-बाबा,

फोनवर माझ्या बाब्याच्या तब्येतीचं सांगायला गेले की आई रडायला लागते आणि बाबा "काय होत नाय गो" म्हणून आंब्यांवर घसरतात, म्हणून लिहितेय. दोघांनी मिळून वाचा.

दिवाळीत बाब्या वेंगुर्ल्याला होता तेव्हा आई तू त्याला न्हाणीत बसवून मान उटणं लावून घासघासलीस, पोरगा केवढा ओरडला. पण तो मळ नव्हताच गं. मानेवर, काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी होते ना, ती रक्तात इन्सुलिन फार वाढल्याची खूण असते, साबणाने जाणारच नाही. मी तरी कुठे शहाणी, वर्षभर "नीट आंघोळ कर" म्हणून त्याच्या डोक्यावर बसले होते.

आता बाबा तुमचं. तुम्ही तुमच्या मशीनवर त्याची शुगर बघितलीत, उपाशीपोटी ९६ आली आणि मला सांगितलंत पोरगा ठणठणीत आहे. ९६ नॉर्मलच, खरंय. पण तुम्ही पोस्टमन होतात ना, मग असं बघा, साखर म्हणजे टपाल आणि इन्सुलिन म्हणजे दार ठोठावणारा पोस्टमन. याच्या पेशी पहिल्या हाकेला दारच उघडत नाहीत, मग स्वादुपिंड एकाच्या जागी तीन-तीन पोस्टमन पाठवतंय, टपाल पोचतंय म्हणून शुगर बरी दिसते, पण आत माणसं दमतायत. ती थकली की मग शुगर वर जाते आणि त्याला आपण डायबेटिस म्हणतो. डॉक्टरांनी म्हणून इन्सुलिनचीही टेस्ट केली, ते भरपूर वाढलेलं निघालं.

दार का उघडत नाहीत तर पोटातली चरबी. तिच्यातून फॅटी ॲसिड रक्तात येत राहतात, लिव्हरमध्ये, स्नायूंत जाऊन बसतात आणि इन्सुलिनची हाक ऐकूच येत नाही. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी म्हणे, हा १६० सेंटीमीटर उंच आणि कंबर ९२. त्यात वय १४, वयात येताना इन्सुलिनला दाद न देणं सगळ्याच पोरांत थोडं वाढतं, मोठं झाल्यावर बरंच उतरतं, पण वजन असंच राहिलं तर उतरेलच असं नाही. आणि घरात तुमचा डायबेटिस आहेच. तुम्ही म्हणता मी तर काटकुळा, मला कसा झाला? पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक हेच सांगत आले, आपल्याकडची बाळं वजनाला कमी पण अंगात चरबी जास्त घेऊनच जन्मतात. हे वाचलं आणि तुम्हीच आठवलात.

घाबरू नका, गोळी दिलेली नाही. उपाशी ठेवायचं नाही आणि कोणी "जाड्या" म्हणायचं नाही, बाबा, हे तुम्हाला. भाकरी, बांगड्याचं तिकलं, पेज, उसळ, सगळं घाला. कोकम सरबताऐवजी सोलकढी. आंबा कापून एखादा, पण वाटीभर साखर घातलेला आमरस नको आणि कोल्ड्रिंक तर घरात आणूच नका, ३०० मिलीच्या बाटलीत सात-आठ चमचे साखर असते. फ्रीजमधली काढून टाका, तो रात्री शोधतो. मोबाईल दहाला काढून घ्या, झोप कमी झाली तरी हेच दुखणं वाढतं.

आणि रोज तासभर पाय हलू देत. एक मज्जा सांगते, स्नायू काम करत असताना इन्सुलिनची फार वाट बघत नाहीत, साखर मागीलदाराने आत घेतात! म्हणून विहिरीचं पाणी, आंब्याच्या पेट्या उचलणं, ओहोटीला वाळूवर फुटबॉल, हे सगळं औषधच. जिम नको काय नको.

शनिवारी रात्री कोकणकन्येत बसवतेय. बाबा, कुडाळला घ्यायला जा, पण रिक्षा घरापर्यंत आणू नका, देवळाकडे सोडा आणि तिथून दोघं चालत या. पिशवी त्याच्याकडे द्या. मी लिहिलंय हे त्याला कळू देऊ नका, चिडेल.

तुमची
ताई