समुद्रकाठच्या सभासदांसाठी: पाहुणे येण्यापूर्वी

सुट्ट्या जवळ आल्या, म्हणजे परदेशातल्या आपल्या घरी मित्रमंडळींची ये-जा सुरू होणार. तिकीट काढण्याआधी त्यांच्या पासपोर्टची मुदत विचारा. अनेक देशांत ती किमान 6 महिने शिल्लक लागते. काही देशांत घरी उतरलेल्या परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे ठरावीक मुदतीत करावी लागते. घर भाड्याचे असेल तर करारातली पाहुण्यांबाबतची अट वाचून घ्या.

खरी काळजी पाण्याची. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, कालची आज चालत नाही. आठवड्याचे कोष्टक दारामागे लावा. फुटणाऱ्या लाटांमध्ये शांत दिसणारा पट्टा बहुधा आत ओढणाऱ्या प्रवाहाचा असतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे. दमल्यास तरंगत राहून हात वर करावा. हे घरी बसून नव्हे, पाण्यासमोर उभे राहून दाखवा. तलावातला पट्टीचा पोहणाराही इथे नवखाच!

वाळूचे पाय मात्र बाहेरच धुवायला लावा. वाळू आणि केस एकत्र आले की न्हाणीघराची मोरी हमखास तुंबते.